सायकलचे छर्रे बारा बोअरच्या काडतुसात चालतील का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांची बारा बोअरची दुनळी घरात आहे, शेतीसंरक्षणाचा परवाना रीतसर वडिलांच्या नावावर झालाय, डुकरं भात, सुरण, कणगर सगळं उकरून टाकतात. तालुक्याला काडतुसं मिळत नाहीत, जिल्ह्याला जावं लागतं. आता शेजारच्या वाडीतल्या एकाने जुन्या काडतुसात सायकलच्या दुकानातले स्टीलचे छर्रे भरून पाच-सहा नग करून दिलेत, म्हणतो मी दोन वर्षं हेच वापरतोय काही होत नाही. आणि वर तुझं म्हणणं, "काका, परदेशात तर शिशावर बंदी आलीय, तिकडे सगळे स्टीलच मारतात, मग आपल्याला काय प्रॉब्लेम?"

आधी उत्तर सांगतो. एक पण उडवू नकोस. वडिलांना पण सांग आणि ती काडतुसं बंदुकीच्या जवळपास ठेवू नकोस, रात्री घाईत अंधारात कुठलं हाताला लागेल सांगता येत नाही.

आता का ते. मी तीस वर्षं बंदूक दुरुस्तीचं काम करतोय, आधी वडिलांच्या हाताखाली आणि मग स्वतःच्या लायसनवर, आणि असल्या "काही होत नाही" वाल्या बंदुका माझ्या टेबलावर दर एक-दोन वर्षांनी येतातच. आणणारा कधीच खरं सांगत नाही. पडली, आपटली, मुलाने दगडावर टेकवली असं सांगतो. नळीत डोळा लावला की कळतं काय भरलं होतं ते.

सगळा घोळ त्या "छर्रा" शब्दाचा आहे बघ. आपल्याकडे सायकलच्या चाकातल्या गोळीला पण छर्राच म्हणतात आणि काडतुसातल्या शिशाच्या गोळीला पण छर्राच. आकार सारखा, नाव सारखं, म्हणून माणसाला वाटतं वस्तू पण सारखीच. आणि त्यात परदेशी काडतुसाच्या डब्यावर "स्टील" लिहिलेलं असतं, मग तर खात्रीच पटते. पण त्या डब्यातलं स्टील म्हणजे खरं तर मऊ लोखंड असतं, कार्बन जवळजवळ नसलेलं आणि भट्टीत तापवून हळूहळू थंड करून मुद्दाम नरम केलेलं. युरोपात बंदुका आणि काडतुसं तपासायचे नियम ठरवणारी सीआयपी म्हणून संस्था आहे, तिच्या नियमाप्रमाणे असल्या छर्र्याचा कडकपणा बाहेरून १०० व्हिकर्सच्या वर जाता कामा नये, आत गाभ्यात ११०. आणि बेअरिंगची गोळी? ती बनवतातच कडक व्हावी म्हणून, पाणी देऊन ७०० च्या पुढे नेलेली असते. शिसं या मोजपट्टीवर पाच-दहाच्या आसपास. नळीचं स्टील मधे कुठेतरी, आणि आजोबांच्या काळातल्या नळ्या तर चांगल्याच मऊ. म्हणजे कंपनीचा स्टीलचा छर्रा नळीपेक्षा मऊ आणि सायकलचा छर्रा नळीपेक्षा कितीतरी कडक. आणखी काही सांगितलं नाही तरी एवढ्यावर विषय संपायला हवा खरं तर.

पटत नसेल तर साधी कानस घे आणि बेअरिंगच्या गोळीवर घासून बघ, कानस सरकते, चरा उठत नाही. हातोडा मारून मात्र बघू नकोस, कडक गोळी ठिकरी उडवते आणि ती डोळ्यात जाते, लेथवाल्यांना विचार.

आता चोक. बारा बोअर म्हणजे काय ते बऱ्याच परवानाधारकांना पण माहीत नसतं, एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर, आजच्या मापात साधारण साडेअठरा मिलिमीटर. पण ही नळी शेवटपर्यंत साडेअठराची नसते. तोंडाशी दोन-तीन इंच आधी ती आवळत जाते, त्याला चोक म्हणतात, छर्रे फार पसरू नयेत म्हणून. आपल्याकडच्या जुन्या दुनळीत बहुतेक वेळा उजवी नळी कमी आवळलेली आणि डावी फुल चोक, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर कमी. शिशाचा बार तिथून जाताना छर्रे एकमेकांवर दाबले जातात, थोडे चपटे होतात आणि निघून जातात, शिसं मऊ असण्याचा सगळा फायदा तिथे आहे. बेअरिंगची गोळी चपटी होत नाही. मग जागा कोणी करून द्यायची? नळीने.

हिशोब करून दाखवतो. सायकलच्या मागच्या चाकाची गोळी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. अशा पाच गोळ्या एका थरात एकमेकींना चिकटून गोल बसल्या तर त्यांचा बाहेरचा व्यास १७.१५ मिलिमीटर भरतो. नळीत ठीक आहे, तिथे साडेअठरा आहे. फुल चोकमध्ये उरलेत साडेसतरा, आणि त्यात वॅडचं, म्हणजे दारू आणि छर्रे यांच्यामधल्या बुचाचं, प्लास्टिक पण बाजूने असतं, म्हणजे जागा संपली. आणि गोळ्या काय परेडमध्ये थर लावून येत नाहीत, वरच्या थरातली खालच्या दोघींच्या मधे पाचरीसारखी घुसते, मागून ढकलणारा गॅस थांबायला तयार नाही. गिरणीच्या हॉपरमध्ये धान्य कधीकधी कमान करून अडकतं बघ, खालून वाट मोकळी असते पण दाणे एकमेकांना धरून बसतात, तसंच. फरक एवढाच की हॉपरला बाहेरून थाप मारता येते, इथे हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात होतं आणि थाप आतून बसते, नळीला.

त्याचा परिणाम म्हणजे तोंडाजवळ नळीला बाहेरून अंगठी घातल्यासारखा फुगवटा येतो. दुनळीत दोन नळ्यांच्या मधली पट्टी असते ती डाक देऊन बसवलेली असते, नळी फुगली की डाक सुटते आणि पट्टी उघडते. मग त्या फटीतून पाणी आत, आतून गंज. माझ्याकडे एक आली होती, जुनी विलायती, कोरीवकाम असं की हातातून ठेववेना, आणि डाव्या नळीच्या तोंडाला ही अंगठी. मालक म्हणाला घासून टाका. घासून काय टाकणार, धातू तिथे पातळ होऊनच बाहेर आलाय, घासला तर आणखी पातळ होणार. नळी चेंबरपाशी, म्हणजे मागे काडतूस बसतं तिथे, जाड असते पण पुढे जाता जाता कितीतरी दुनळींची भिंत एक मिलिमीटरच्या पण आत येते, तुझ्या नखापेक्षा थोडी जाड म्हण. लोकांना वाटतं बंदुकीची नळी म्हणजे पाण्याच्या पाइपासारखी सगळीकडे सारखी जाड. नाही.

आणि हे ज्ञान काही नवीन नाही. १८७५ ते १८८७ च्या दरम्यान इंग्लंडात तपासून पास झालेल्या चोकवाल्या नळ्यांवर "नॉट फॉर बॉल" असा शिक्काच मारायचे, म्हणजे यात पूर्ण मापाची गोळी घालू नका. ती गोळी शिशाची असायची तरी हा इशारा. आपल्याकडे संस्थानिकांच्या, खोतांच्या, इनामदारांच्या घरातून आलेल्या बंदुकांत असा शिक्का अजून कधीमधी दिसतो. तुझ्या आजोबांच्या बंदुकीला नळी काढून खालच्या बाजूला बघ, काय काय शिक्के आहेत ते वाच, वय कळेल. नळीवर लाकडातल्या रेषांसारखी नक्षी दिसत असेल तर ती पिळाची, म्हणजे दमास्कस नळी असू शकते, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून ठोकून केलेली. तशी असेल तर स्टीलचं सोड, आजचं साधं काडतूस पण दाखवल्याशिवाय घालायचं नाही.

याच्यावरून आठवलं, काही महाभाग लहान गोळ्यांच्या जागी एकच मोठी बेअरिंगची गोळी घालतात, ट्रकच्या बेअरिंगमधली. त्याबद्दल मी लिहिणार पण नाही जास्त. नळीत जेमतेम जाणारी आणि पुढच्या चोकमधून न जाणारी कडक गोळी म्हणजे नळीला मारलेलं बूच, आणि ते बूच तुझा डावा हात जिथे नळीखाली धरलेला असतो त्याच्या थोडं पुढे अडकतं.

आता तू म्हणशील आमची बंदूक चोक नसलेली आहे, सिलिंडर आहे. बरं, मग ओरखड्याचं बघू. कारखान्यातलं स्टीलचं काडतूस उघडं केलं तर त्यात छर्रे एका जाड, कडक प्लास्टिकच्या पेल्यात बसलेले असतात. तो पेला छर्र्यांबरोबर नळीच्या तोंडापर्यंत येतो आणि नळीला छर्रा लागू देत नाही. आपल्या जुन्या काडतुसात फेल्टचा नाहीतर पुठ्ठ्याचा वॅड, किंवा पातळ प्लास्टिकचा. शिशासाठी तेवढं पुरतं. कडक गोळी दाब आल्यावर त्याला फाडून बाहेर येते आणि नळीवरून घासत जाते. शिशाची नळीला पुटं चढतात ती ब्रश मारून निघतात, ओरखडा निघत नाही. आणि आपल्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे नळीतल्या त्या बारीक चरीत ओल धरून बसते, तेल पोचत नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत चरीचा खड्डा होतो. दोन वर्षांनी माणूस म्हणतो बंदूक "आपोआप" गंजली.

दाबाचं जरा नीट समजून घे कारण इथे हुशार लोक पण चुकतात. त्यांचं लॉजिक असं की स्टील शिशापेक्षा हलकं, मग दाब कमीच पडणार, उलट सेफ. स्टील हलकं हे खरं आहे, शिशाची घनता ११.३ च्या आसपास आणि स्टीलची ७.८, पण दाब फक्त वजनावर ठरत नाही. दारू पेटली की पहिल्या क्षणाला शिशाचे छर्रे आपसात दबून जागा करून देतात, गादीवर बसल्यासारखं. कडक गोळ्या काही दबत नाहीत, गादी नाहीच, आणि गॅस तर तयार होतच असतो. वर हलकं असल्यामुळे तेवढंच वजन भरायचं तर गोळ्या जास्त जागा खातात. म्हणून कंपन्या स्टीलच्या काडतुसाला वेगळी, हळू पेटत जाणारी दारू वापरतात, वेगळा वॅड, वेगळी टोपी, आणि एवढं सगळं करून मग ते काडतूस दाब मोजायच्या नळीत उडवून बघतात. सीआयपीत साध्या बारा बोअरसाठी ७४० बार (हे दाब मोजायचं माप) ही मर्यादा आहे, जास्त जोराच्या स्टीलच्या काडतुसाला १०५०, आणि ती मारायची तर बंदूक १३७० बारवर तपासलेली आणि नळीवर लिलीच्या फुलाचा शिक्का असलेला लागतो. शिवाय ४ मिलिमीटरपेक्षा मोठा छर्रा असेल तर हाफ चोकपेक्षा जास्त आवळलेली नळी चालत नाही. म्हणजे खुद्द मऊ लोखंडाला, कारखान्यात भरलेल्याला, एवढ्या अटी. तुझ्या शेजाऱ्याने कुठली दारू, किती, कुठल्या जुन्या काडतुसातली, कुठल्या टोपीवर, हे त्याला तरी सांगता येईल का? दोन काडतुसं सारखी निघतील का?

"दोन वर्षं काही झालं नाही" याचं उत्तर. नळी पहिल्या बाराला फुटत नाही, बहुतेक वेळा. फुटली असती तर बरं असं म्हणायची वेळ येते कधीकधी, कारण मग कोणी दुसऱ्याने केलं नसतं. ती थोडी ताणते, परत थोडी ताणते, आतला फुगवटा अजून बाहेरून बोटाला लागत नाही, आणि मग एक दिवस अगदी चांगलं विकतचं काडतूस घातलं तरी तिथेच जाते. मग लोक काडतुसाला शिव्या घालतात. माझ्याकडे एकाने तुटकी नळी आणली होती, म्हणे काडतूस खराब निघालं, कंपनीवर केस करतो. मी नळीचा राहिलेला भाग उजेडाकडे धरून त्याला आतल्या चरी दाखवल्या, गप्प बसला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, त्यामुळे मी पण जास्त बोललो नाही.

आणि फुसका बार. घरी भरलेल्या काडतुसात हा धोका सगळ्यात जास्त असतो, छर्रे कडक असोत नाहीतर मऊ. आवाज नेहमीपेक्षा कमी आला, धक्का कमी बसला, तर वॅड नळीतच अडकलेला असू शकतो. त्याच्यामागे दुसरा बार काढला की नळी केळ्याच्या सालीसारखी उघडते. आणि चाप ओढला पण बार उडाला नाही तर लगेच बंदूक उघडायची नाही, तोंड मोकळ्या दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबायचं, उशिरा पेटणारं काडतूस उघड्या बंदुकीत पेटलं तर ते तुझ्या तोंडाकडे येतं. हे सगळ्याच काडतुसांना लागू आहे, पण डब्यातल्या काडतुसाला आयुष्यात कधीतरी लागतं आणि असल्या घरगुतीला कितव्यांदा लागेल सांगता येत नाही.

आतापर्यंत बंदुकीचं आणि उडवणाऱ्याचं झालं. समोरच्याचं बघू, कारण मला जास्त काळजी त्याची वाटते. आपला प्रदेश कसला आहे? जांभा. बांध जांभ्याचा, विहिरीचा काठ जांभ्याचा, सड्यावर तर नुसता कातळच. डुक्कर जमिनीलगत असतं, म्हणजे बार खाली तिरका जातो. शिशाचा छर्रा कातळावर आपटला की चपटा होतो, फुटतो, जोर तिथेच बराचसा संपतो. उडतो तो पण, नाही असं नाही. पण कडक गोळी कॅरमच्या स्ट्रायकरसारखी परत येते, कुठल्या कोनात ते देवाला ठाऊक. रात्रीची वेळ, बॅटरी एकाच्या हातात, दोघं-तिघं बाजूला, कोणीतरी पलीकडच्या मांगरात झोपलेलं. झाडात घुसली तर झाड तोडल्यावर वखारीत करवतीच्या पात्याला लागते, युरोपात लाकूडवाले स्टीलच्या छर्र्यावर याच कारणाने कुरकुर करत होते, आणि ते तर मऊ लोखंड होतं.

एक गोष्ट कोणाच्या डोक्यात येत नाही. माणसाच्या अंगात छर्रा राहिला आणि तो शिशाचा असला तर डॉक्टर कितीतरी वेळा तसाच ठेवतात, काढायला गेलं तर जास्त नुकसान म्हणून. लोखंडाचा असला तर पुढे त्या माणसाला एमआरआय काढायची वेळ आली की पंचाईत, मशीनचं चुंबक त्या गोळीला ओढतं. डोळ्याजवळ किंवा मणक्याजवळ असली तर मशीनमध्ये घालतच नाहीत. वीस वर्षांनी पॅरालिसिसचा झटका आला आणि एमआरआय नाही, कारण तरुणपणी कोणाच्या तरी बांधावरून उडालेली सायकलची गोळी आत आहे.

आणि एवढं करून डुक्कर तरी मरतं का? त्या पाव इंची गोळीचं वजन भरतं एक ग्रॅमच्या जरा वर, त्याच मापाची शिशाची असती तर दीड ग्रॅम. हलकी गोळी हवेत लवकर दमते, म्हणूनच तिकडे शिशाऐवजी स्टील घेताना दोन नंबर मोठा छर्रा घ्या म्हणतात आणि लांबून मारू नका म्हणतात, आणि ते सुद्धा बदकासाठी. डुकराची खांद्यावरची कातडी आणि चरबी काय असते ते तू पाहिलंयस. हलकी गोळी तिथे अडकते, डुक्कर जखमी होऊन झाडीत घुसतं आणि सकाळी तिथे पाचोळा गोळा करायला गेलेल्या बाईवर येतं. जखमी डुकराने मांडी फाडलेला माणूस एकदा पाहिला की हा विषय पुन्हा कोणी काढत नाही.

परदेशाचा मुद्दा राहिला. तुझी माहिती चुकीची नाही, अर्धी आहे. शिसं विषारी आहेच. बदकं आणि पाणपक्षी पोटात दाणे दळायला खडे गिळतात, त्याबरोबर चिखलात पडलेले छर्रे गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला देशभर शिशाचे छर्रे बंद झाले, डेन्मार्कने १९९६ ला सगळ्याच शिकारीतून काढले, युरोपियन युनियनमध्ये पाणथळ जागांवर फेब्रुवारी २०२३ पासून बंदी आली. पण तिथे लोकांनी सायकलच्या दुकानात जाऊन गोळ्या नाही आणल्या. सुरुवातीला मऊ लोखंडाच्या काडतुसांनी पण कितीतरी चांगल्या बंदुकांचे चोक फुगले, मग वॅड बदलले, नळ्या बदलल्या, चोक बदलले, नियम आले. आणि ज्यांच्याकडे आजोबांची जुनी बंदूक आहे ते तिकडे पण स्टील घालत नाहीत, बिस्मथ नावाच्या धातूच्या छर्र्यांचं काडतूस घेतात, ते शिशासारखं मऊ असतं, महाग आहे पण बंदूक वाचते. तुझा प्रश्न पाणथळ जागेतल्या बदकांचा नाहीच, तुझा प्रश्न तालुक्याला काडतूस मिळत नाही हा आहे. दोन्हीची सरमिसळ करू नको.

कायद्याचं दोन वाक्यात, मी वकील नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतूस बनवायला वेगळं लायसन लागतं, बाळगायच्या परवान्यावर बनवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याची शिक्षा कमीत कमी ७ वर्षांची आहे. शेजाऱ्याने "मदत" म्हणून केलंय ते या खात्यात जातं हे त्याला बहुतेक माहीत नसेल. दुसरं म्हणजे शेतीसंरक्षणाचा परवाना हा डुक्कर मारायचा परवाना नव्हे, १९७२ चा वन्यजीव कायदा त्याच्यावर आहेच, मारायचं असेल तर वन खात्याची परवानगी वेगळी. पंचनाम्यात सायकलचे छर्रे निघाले तर परवाना तर जाईलच, पण वडिलांचं वय बघता पोलीस स्टेशनच्या फेऱ्या पण त्यांनाच माराव्या लागतील.

आता काय करायचं ते. या बंदुकीतून तसलं एखादं काडतूस आधीच उडवलं असेल, खरं काय ते वडिलांना विचार, ओरडू नको म्हणजे सांगतील, तर तपासल्याशिवाय पुढचा बार काढायचा नाही. घरी एवढं बघता येतं: बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करून नळी वेगळी काढ, आतून पुसून कोरडी कर, ट्यूबलाइटकडे धरून मागच्या बाजूने बघ आणि हळूहळू फिरव. आतला उजेड सरळ रेषेत जायला हवा, कुठे काळी अंगठी दिसली, सावलीचं कडं दिसलं तर तिथे नळी ताणलेली आहे. बाहेरून तोंडाजवळच्या चार इंचावरून बोटं फिरव, डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं. मग नळी हुकातून सुतळीला टांगून नखाने किंवा लाकडी पेन्सिलीने टिचकी मार, देवळातल्या छोट्या घंटेसारखा नाद लांबत गेला तर पट्टीची डाक शाबूत आहे, मातीच्या मडक्यासारखं थड् वाजलं तर कुठेतरी सुटलेलं आहे. हे सगळं बरोबर आलं तरी लायसनवाल्या मिस्त्रीकडून भिंतीची जाडी मोजून घे, त्याचं गेज असतं. आणि बाकी काही नाही सापडलं तरी चेंबरची लांबी विचारून घे, जुन्या बंदुका ६५ मिलिमीटरच्या असतात आणि आज मिळणारं काडतूस बहुतेक ७० चं. ७० चं ६५ मध्ये घातलं की बसतं मस्त, पण बार उडताना काडतुसाचं तोंड उघडायला पुढे जागा पुरत नाही. हे मी कितीजणांना सांगितलं असेल.

काडतुसांसाठी वर्षातून एकदा जिल्ह्याला जायचं, परवान्यावर जेवढी लिहिलीत तेवढ्यातली लागतील तेवढी घ्यायची. आपल्या पुण्यातल्या खडकीच्या कारखान्यात बारा बोअरची शक्तिमान काडतुसं बनतात, दुकानदाराला आधी फोन करून विचारलं की आली की ठेवून देतो. आणल्यावर हवाबंद डब्यात ठेव. कागदी काडतूस पावसाळ्यात फुगतं, मग चेंबरात ठोकून बसवायची बुद्धी होते, ती होऊ देऊ नको. आणि खरं सांगू का, भाताच्या दीड-दोन महिन्यांसाठी कुंपणाच्या तारेला झटका देणारी सोलरची झटका मशीन लावून घे, रात्रभर जागायला नको. फक्त लाइटच्या मेन लाइनचा करंट तारेत सोडू नको, त्याने दरवर्षी माणसं मरतात, डुकरांपेक्षा आधी.

राहिली ती पाच-सहा काडतुसं. उघडू नको, छर्रे काढून "दारू तरी वापरू" असं पण नको, विहिरीत किंवा चुलीत टाकू नको. शेजाऱ्याला परत दिलीस तर तो उडवणार. ओळखीचा लायसनवाला दुकानदार किंवा वकील गाठ, त्याच्या सल्ल्याने पोलिसात जमा कर. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक जमा करायला जाता तेव्हा जो हवालदार असतो त्याला वडील ओळखत असतीलच, गावातल्या गावात पहिला शब्द त्याच्याशी टाकला तरी चालेल, पण जाताना काडतुसं खिशात घालून एकटा जाऊ नको. आणि त्या शेजाऱ्याची बंदूक पण एकदा उजेडाकडे धरून बघा दोघं मिळून, दोन वर्षं म्हणतोय म्हणजे त्याच्या नळीत कडं असणार, माझी पैज.